शिसपेन्सिलीतली सतरा नावं

२ मार्च, सोमवार
प्राचार्यांनी आज घोंगडं माझ्या गळ्यात टाकलं! हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेत एक पान — कॉलेजने साठ वर्षांत कुणाकुणाला सामावून घेतलं, त्याचा इतिहास. मथळा त्यांनीच ठरवलाय: ‘पहिल्या दिवसापासून दार सर्वांना उघडे’. इतिहास तेवढा मी शोधायचा! ग्रंथपालाला धूळ झटकायची सवय असतेच ना.
त्याच समारंभात बाबांचा सत्कार. कॉलेजचे पहिले हेडक्लार्क. घरी सांगितलं तर बाबा खुलले. आईने मानही वर केली नाही, शेजारच्या मुलीला भूमिती समजावत होती. कॉलेजची पायरीसुद्धा चढले नाही म्हणते, पण गणितात अजून माझे कान उपटते.

३ मार्च
जुने प्रवेशपट काढले. बाबांचं अक्षर — मोत्याचे दाणे. पहिल्या सहा वर्षांच्या प्रत्येक पटात शेवटचं पान मात्र कोरं. हात फिरवला तर खरबरीत लागलं. खिडकीशी तिरकं धरलं. खोडलेली नावं! बहुतेक मुलींची. एकापुढे ‘अंध’. तिघांपुढे ‘कामगार वसाहत’. तिसऱ्या वर्षाच्या पानावर एका ओळीला भोक आहे, कसरीने खाल्लं असणार.
आणि जिन्यात ‘पहिली विद्यार्थिनी’ म्हणून जिचा फोटो टांगलाय, ती सातव्या वर्षी आली!

४ मार्च
सतरा नावं लागली. डोळे चुरचुरतायत.
प्राचार्यांना दाखवलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. भलत्या ठिकाणी हात घालू नका म्हणाले. मग हळूच — “अक्षर कुणाचं आहे, पाहिलंत ना?”
पाहिलंय. कालपासून दुसरं काही दिसतच नाहीये. बाबांचा राग येतो. मग त्यांची कीव येते, आणि त्याचा आणखी राग येतो.

५ मार्च
बाबांना एकट्यालाच बागेत फिरायला नेलं आणि बाकावर बसल्यावर विचारलं. त्यांनी चष्मा पुसला. मग सांगितलं. या मुलांना वर्गात मागे बसू द्यायचे, परीक्षेला नाही. नावं शिसपेन्सिलीने लिहायची आणि वार्षिक तपासणीच्या आधी खोडून टाकायची. वरून हुकूम होता.
“पण लिहिताना मी जोर लावायचो,” म्हणाले. “कागदावर वळ राहावा म्हणून. कधीतरी कुणीतरी तिरकं धरून बघेल. माझ्या हातात तेवढंच होतं.”
मी रडले. भर बागेत, या वयात! छाप म्हणाले, सत्कार गेला उडत. फक्त आईला यातलं काही सांगू नकोस. लाज वाटत असेल त्यांना.

६ मार्च
पान छापखान्यात गेलं, सतराही नावांसकट. प्राचार्यांशी चांगलीच जुंपली. शेवटी ‘तुमच्या जबाबदारीवर’ म्हणाले. नोकरीवर आलं तर बघू.
बाबांचा अभिमान वाटतोय.

७ मार्च
छापखान्यातून मुद्रित आलं, दुरुस्तीला दुपारपर्यंत मुदत. मला राहवलं नाही, आईला दाखवलं. तिने नावांवरून बोट फिरवलं. दोन-तीन नावांपाशी हसली. मग बोट थांबलं.
“तिसऱ्या वर्षी आम्ही पाच जणी होतो. इथं चारच आहेत.”
आम्ही!
बाबा खुर्चीतून उठून आत गेले. आईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्याच वर्षी आमचं लग्न ठरलं, म्हणाली. यांच्या घरी कॉलेजात जाणारी सून नको होती.
छापखान्यात फोन करून अठरावं नाव घालायला सांगितलं.
ते भोक कसरीचं नाही. तिथे बाबांनी कागद फाटेपर्यंत खोडलंय.