मोकळं कपाळ

शनिवार, परभणीहून परतल्यावर

टिकलीनं हिच्या कपाळावर काळा डाग पडलाय, गालांवर उन्हानं वांग आलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पील, म्हणजे औषधानं वरची कातडी सोलणं, आणि लेझर दोन्ही थोडं थोडं करू, चेहरा रंगवल्यासारखा दिसणार नाही. फक्त महिनाभर कपाळाला काही लावू नका. हिनं तिथंच टिकली काढली.

बसमध्ये मी म्हटलं, "गाव काय म्हणंल?"

"तुमी माझ्या शेजारून चाला. लोकायला दिसंल, मालक जिता हाय."

ती हसली. मला जमलं नाही. ते मोकळं कपाळ पाहिलं, की आपण गेलोच असं वाटतं. पण इतक्या वर्षांत तिनं स्वतःसाठी मागितलं ते एवढंच. नको कसं म्हणू?

उद्यापासून सकाळी पूजेनंतर मीही कपाळाला भस्म लावणार नाही, महिनाभर. महादेवाला चालेल का, कळत नाही.