थॉर्नलोच्या विहिरीची ओटी

।। श्री ।।
पार्सिपनी, १० मे २०२५

चि. सौ. मृणालिनीस अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला गेले की राजीव कान देऊन ऐकतो, म्हणून हा कागद. मागे कॅलेंडरचा मार्च आहे, तिकडे बघू नकोस.

तुझा हा भाचा बायको-मुलीला घेऊन इंग्लंडला निघालाय. म्हटलं, थॉर्नलोला जा. तुझे दादा तिथे डॉक्टर होते, सहा वर्षं आम्ही त्या खेड्यात काढली. तर म्हणतो, आई, तिथे बघण्यासारखं आहे काय? काय नाही? वाकड्या मनोऱ्याचं चर्च आहे. घोड्यांच्या पाठीवरची लोकरीची पोती अडू नयेत म्हणून बुटक्या कठड्यांचा बांधलेला पूल आहे. चोरांचे पाय अडकवायचा लाकडी खोडा आहे. आणि माझी विहीर आहे. प्लेगात आजूबाजूची गावं ओस पडली, तिच्या पाण्यावर थॉर्नलो तगलं, असं तिथले लोक सांगायचे. म्हणून दर मे महिन्यात गाव तिला सजवतं. मोठ्या फळीवर ओली माती थापायची, तीत पाकळ्या खोचून चित्र करायचं आणि फळी विहिरीवर उभी करायची. बायकांनी मलाही ओंजळभर पाकळ्या दिल्या होत्या. तेव्हाच विहिरीला मनात म्हटलं, मूल होऊ दे, त्याला घेऊन येईन, तुझी ओटी भरीन.

राजीव झाला तो इथे, अमेरिकेत. जायचं राहिलं ते राहिलंच. आता गुडघे विमानात बसू देत नाहीत.

त्याला हे सांगितलं तर हसला. म्हणे, मी विहिरीनं दिलेला मुलगा आहे हे माझ्या ऑफिसात कळू देऊ नकोस. देवापुढे बसलं की मला तो नवस आठवतो आणि ह्याला थट्टा सुचते! शेवटी सुनेकडे, मोनाकडे, ओटीचं पुडकं दिलंय. खण नवा नाही घेतला, माझ्या पेटीतला कोरा होता.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी वहिनी, पद्मिनी


ईडन प्रेरी, ३१ मे

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

राजीव थॉर्नलोला जाऊन आला बरं का! फोटो आले. पूल, चर्च, खोड्यात पाय घालून बसलेली तुमची नात अनया. विहीर मात्र कुठेच नाही, म्हणून मोनाला फोन केला. विहिरीवर लोखंडी जाळी आहे म्हणे. किल्ली सांभाळणाऱ्या आजीबाई म्हणाल्या, पाण्यात काही टाकायचं नाही. ओटी घरी परत आणायची नसते, हे तुम्हीच तिला शिकवलेलं. मग तिनं त्या आजीबाईंचीच ओटी भरली! बाईंनी ॲप्रन पसरला म्हणे. वहिनी, हसू की रडू कळेना. रागावू नका, सून तुमच्याच तालमीतली आहे.

आशीर्वादाचा हात असाच डोक्यावर असू द्या.
तुमची मृणालिनी


।। श्री ।।
पार्सिपनी, ९ जून

चि. सौ. मृणालिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नवस बोलले कुणाला, ओटी भरली कुणाची! इतक्या वर्षांनी दारापर्यंत जाऊन परत आले ते. मोना आल्यावर तिच्यावर चिडलेच. ती बिचारी ॲम सॉरी आई, ॲम सॉरी आई करत राहिली आणि मुख्य गोष्ट चहा संपल्यावर सांगितली. अशी ही मुलं!

त्या आजीबाई तेव्हा फळीच सजवत होत्या. चित्रात उगवलेलंच चालतं, पाकळ्या, पानं, दाणे. चित्रातल्या कोकराला पांढरं काही मिळत नव्हतं. ओटीतले तांदूळ बघून त्यांनी मोनाला विचारलं आणि मूठ मूठ मातीत दाबले. सुपारीचा डोळा केला. मोनानं फोटो दाखवला. कोकरू चांगलं गुटगुटीत झालंय. खण त्यांच्याकडेच राहिला. राहू दे.

आणि ऐक. ओल्या मातीची फळी केवढी जड असते, मला ठाऊक आहे. विहिरीवर चढवायला माणसं कमी पडली, तर बाईंनी लांब उभ्या राहिलेल्या राजीवला हाक मारली. एक टोक त्यानं उचललं, विहिरीवर नेऊन उभं केलं. कोकरात काय आहे हे त्याला अजून माहीत नाही. आल्यापासून कंबर धरून कुरकुरतोय, त्या खेड्यानं सुट्टीत हमाली करून घेतली म्हणून. मी गरम पाण्याची पिशवी देते आणि गप्प बसते.

तूही त्याला बोलू नकोस. बाकी लोभ तुझा, हट्ट माझा, दोन्ही चालू राहोत.
तुझी वहिनी, पद्मिनी