नातेवाइकांची खुर्ची

९ मार्च

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. वहिनी बऱ्या असतील. धाकटीचे दात पडायला लागले का? इकडे उन्हं तापायला लागलीत. माझा गुडघा पुन्हा कुरकुरतोय. दिवसभर दुसऱ्यांचे गुडघे वाकवायचे आणि स्वतःचा व्यायाम टाळायचा, ही आम्हा फिजिओथेरपिस्टांची जुनी रीत मी पाळते आहे.

बाबा माझ्याच वॉर्डात आहेत. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, एवढं मामांनी तुला कळवलं असेल. बोलणं जड झालंय, पण रुबाब तोच. डाव्या हाताच्या खुणांवर वॉर्ड चालवतात. "ए सिस्टर, इकडे ये. उशी वर घे." जन्मभर ऑपरेशन थिएटरात बोलले तसंच. तू नर्सिंगला गेलास तेव्हा ते काय काय बोलले, ते लिहीत नाही. तुला पाठ असेल.

झटक्याने गिळणंही बिघडलं. आमच्याकडे गिळण्याच्या उपचारांसाठी वेगळ्या मॅडम आहेत, चणीने बारीक आणि आवाजाने त्याहून बारीक. त्यांनी तपासून सांगितलं, पातळ काही द्यायचं नाही, श्वासनलिकेत उतरेल. पाणीसुद्धा घट्ट करून, चमच्याने. बाबांनी पहिलाच चमचा थुंकून टाकला. "ही खळ मी पिऊ?"

मग मोठ्या सिस्टरांशी खडाजंगी. बाबा म्हणायचे, "मी डॉक्टर आहे." त्या म्हणायच्या, "इथे पेशंट आहात." शेवटी बाबांनी वॉर्डाच्या मुख्य डॉक्टरांना बोलावलं. ते बाबांचे विद्यार्थी. केस पिकले, तरी बाबांपुढे अजून तोंडी परीक्षेला आल्यासारखे उभे राहतात. बाबा एवढंच म्हणाले, "पाणी." आणि डॉक्टरांनी लिहून दिलं, साधं पाणी द्यायला हरकत नाही.

सिस्टर म्हणाल्या, "सर, मॅडमना एकदा विचारू या."

"मी लिहिलंय ना?"

मी तिथेच होते. बाबांचा पाय माझ्या हातात होता.

बाबा पेलाभर पाणी प्यायले. आधी ठसका, रात्री ताप, आणि दुसऱ्या दिवशी छातीत घरघर. न्यूमोनिया.

परवा त्यावर बैठक झाली. डॉक्टर, सिस्टर, मॅडम आणि मी. डॉक्टर कुणाकडे न बघता म्हणाले, "पाजताना सरळ बसवलं नसेल."

"बसवलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "आणि मी आधी नाही म्हटलं होतं."

"मग दिलंत कशाला?"

"खाली तुमची सही होती म्हणून."

मॅडमचा आवाज प्रथमच चढला. "मला एक फोन करायला कुणाची बोटं झिजली असती का?"

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "तुम्ही होतात तिथे. सांगा."

"त्या पेशंटची मुलगी आहेत, त्यांना कशाला मध्ये..." डॉक्टर म्हणाले.

"मुलगी म्हणून बसल्या असतील तर त्यांनी बाहेर बसावं. फिजिओ म्हणून बसल्या असतील तर बोलावं."

मी म्हटलं, "सिस्टर खरं बोलतायत. सरळ बसवलं होतं, नकारही दिला होता. मी सगळं ऐकत होते आणि गप्प राहिले. बाबांना नाही म्हणायची आमच्या घरात सवय नाही." ज्याला होती तो घर सोडून गेला, हे मनातच ठेवलं.

मग डॉक्टर म्हणाले, "मलाही कुठे जमलं? चला, सरांकडे जाऊ."

आम्ही चौघं खाटेशी उभे राहिलो. डॉक्टर म्हणाले, "सर, पाण्याचा निर्णय चुकला. या दोघींना विचारायला हवं होतं मी."

बाबांनी डाव्या हाताने ऑक्सिजनचा मास्क ओढला. एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "हुकूम... माझा." मग मान सिस्टरांकडे वळवली. "तुम्ही... बरोबर होतात."

तुम्ही, दादा. एका नर्सला!

सिस्टरांनी मास्क परत बसवला. "बोलू नका, दम लागेल," नेहमीच्याच फटकळ आवाजात म्हणाल्या, आणि नीटच असलेली चादर पुन्हा नीट करत राहिल्या.

त्यानंतर वॉर्डाचं वारंच फिरलं. औषध बदलायचं तरी चौघं बोलतात, भांडतात, पण तोंडावर. हे सगळं तुला रंगवून सांगते आहे, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

औषधं लागू पडत नाहीत. काल श्वासाच्या यंत्राचा विषय निघाला. डॉक्टरांनी बाबांना आम्हा सगळ्यांसमोर विचारलं, समजावून पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा बाबांनी मान हलवली. यंत्र नको. आम्ही एकेक करून मान्य केलं. माझी पाळी आली तेव्हा फिजिओने होकार दिला. मुलीने अजून दिलेला नाही.

सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आता एप्रन उतरवा. छातीच्या व्यायामाचं काम तुमच्या जोडीची फिजिओ बघेल. तुम्ही नातेवाइकांच्या खुर्चीवर बसा." मी भांडले. मग बसले. तिथूनच लिहिते आहे. या बाजूने वॉर्ड फार मोठा दिसतो, आणि हातांचं काय करावं ते कळत नाही.

बाबांनी तुझं नाव काढलं असं लिहिलं, तर तू धावत येशील. पण काढलेलं नाही, आणि मी खोटं लिहिणार नाही. इथे नर्स पुरेशा आहेत, तुझ्या कामाची वॉर्डाला गरज नाही. मुलगा मात्र एकच आहे, आणि त्याचं काम माझ्याच्याने होत नाही.

मामा उद्या सकाळी तुझ्या गावावरून पुढे जाणार आहेत. पत्र त्यांच्या हाती देते. परतताना त्यांच्याच गाडीत बस. बाबांसाठी येववत नसेल, तर माझ्यासाठी ये. पोचेपर्यंत उशीर झाला, तरीही ये.

एकटी बसलेली,
तुझी चिमणी