वेदीपाशी ठेवलेला कोंबडा

कतारगाम, सुरत
१८ नोव्हेंबर १९९६

ख्रिस्तात परमप्रिय दादा यांस,

धाकटा भाऊ शांतवन याचा कृतानेक सलाम. इकडे मी व वत्सला उभयता प्रभूच्या कृपेने खुशाल असून तुमची, वहिनींची आणि तुमच्या डाव्या गुडघ्याची खुशाली इच्छितो. (गुडघ्याचे भटूकडून कळले. आमच्या मागाच्या खात्यातला हा भटू दर महिन्याला तुमच्या नंदुरबारला जातो आणि आल्यावर न विचारता सगळे सांगतो. म्हणजे मी एकदाच विचारतो, पुढे तो थांबत नाही.) साडेतीन वर्षांनी पत्र कसे, असे तुम्हाला वाटेल. तर दादा, गैरसमज नसावा. पत्राचे कारण एक कोंबडा आहे.

कापणीच्या सणाला आपल्या कष्टाचे पहिले फळ देवाला द्यायचे, हे बाबांनी आपल्याला शिकवलेच आहे. पण सुरतेच्या आमच्या मंडळीत शेत आहे कुणाला? कोणी माग चालवतो, कोणी हिरे घासतो. त्यामुळे वेदीपुढच्या टेबलावर साडीचे तुकडे, केळी, अंडी, एखादा भोपळा आणि कामरेजच्या एका बंधूंचा ऊस, एवढेच पीक येते. यंदा मी ठरवले की काहीतरी जिवंत द्यायचे, आणि गॅलरीत कोंबडा वाढवला. चाळीचे मालक छगनभाई पक्के शाकाहारी. त्यांनी जाब विचारला, तेव्हा मी खरे तेच सांगितले, की हा देवाचा आहे. ते इतके प्रसन्न झाले, की रोज सकाळी स्वतःच्या हाताने त्याला मूठभर बाजरी घालू लागले. (उपासनेनंतर अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होतो आणि घेणारा कोंबड्याचे काय करतो, ते त्यांनी विचारले नाही. मीही विषय वाढवला नाही.)

सणाच्या रविवारी पाळकसाहेबांनी नेमका तो उतारा घेतला. दान घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे भावाची आठवण झाली, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. वचन नुसते ऐकून घरी जाऊ नका, ते जगा, असे ते टेबलावर हात आपटून म्हणाले. आता तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. मला कोणी सांगितले की मी करतो. हळू कर, असे सांगितलेले मात्र मला ऐकू येत नाही. गीत सुरू झाले, रांग पुढे सरकली, मी कोंबडा बगलेत घेऊन टेबलापाशी पोहोचलो आणि तुमची आठवण झाली. खोटे नाही सांगत, दादा, तुमचा चेहराच समोर आला, तोही लग्नात मुंडावळ्या बांधलेल्या तुमच्या पल्लवीच्या मागे उभा असलेला. कापडाच्या काठाची एक पट्टी खिशात होती. तिने मी कोंबडा टेबलाच्या पायाला बांधला आणि चपला घालून थेट स्टेशन गाठले.

मागे काय झाले ते वत्सलाने सांगितले. तिला वाटले माझे पोट बिघडले. कोंबड्याने दोन कडवी धीर धरला, तिसऱ्याला झेप घेतली. टेबलक्लॉथ आला, त्यावरून भोपळा आला, भोपळ्यामागून अंडी आली. पाळकसाहेबांनी भोपळा पायाने अडवला, पण अंडी त्यांच्या झग्याने अडवली. मी मात्र तिकिटाच्या खिडकीपर्यंत पोहोचलो होतो. खिडकीतल्या माणसाने कुठले हवे विचारले आणि माझ्या तोंडून नंदुरबार निघेना. मागचे लोक ओरडायला लागले, तसा मी बाजूला झालो आणि बाकावर बसून भुसावळ पॅसेंजर जाताना पाहिली. भीती वाटली, दादा. दार तुम्हीच उघडाल आणि मला पाहून पुन्हा लावून घ्याल, याची.

तेव्हापासून कोंबडा अधांतरी आहे. समेट झाल्याशिवाय दान दिले जात नाही, म्हणून तो देवाचा नाही. मी वेदीपाशी ठेवला, म्हणून माझाही नाही. लिलाव होऊ शकला नाही. तो आता पाळकसाहेबांच्या जिन्यात राहतो आणि उपदेश लांबला की आरवतो. (मंडळीतल्या काहींना ही सोय आवडू लागली आहे.) छगनभाई बाजरी घेऊन रविवारी उपासनेला येऊन बसतात. पाळकसाहेब मला म्हणाले, वचन जगा असे मी म्हणालो होतो खरे, पण नाताळाच्या आत काय ते कर. मी शेजारच्या इंदुबाईंना माझी अडचण समजावून सांगितली. त्या धुळ्याकडच्या, त्यांना बायबल ठाऊक नाही, पण पापड लाटता लाटता त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुमना भाऊ शे ना तो? मंग त्याले कागद लिखा. कोंबडाले कसाले बांधी ठेवं?"

म्हणून हे पत्र. वहिनींना सलाम. गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधावा.

आपला धाकटा,
शांतवन

ता. क. पल्लवीला मुलगा झाला आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्याचा बाप्तिस्मा आहे, असे भटू बोलता बोलता म्हणाला. बोलावणे मागण्यासाठी हे पत्र नाही. फक्त त्या रविवारी माझी रजा मंजूर आहे आणि वत्सलाने टोपडे विणले आहे, एवढेच कळवतो.

ता. क. २. आलोच, तर मागच्या बाकावर बसेन. प्रार्थना सांगायला मला उठवू नये. पल्लवीच्या लग्नात जेवणाआधी मी सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात केली, हे जास्त झाले. चारशे माणसे डोळे मिटून उभी, रस्सा गार, आणि मी इस्राएल लोकांना अजून रानातच फिरवत होतो. तुम्ही मोठ्याने आमेन म्हणालात ते मला लागले आणि मी न जेवता निघून गेलो. लहानपणी भूक लागली की तुम्ही माझा हात धरून म्हणायचात, "देवा, जेवण दिलंस, आभार, आमेन." तेवढ्याने देवाला पुरत होते. ते मी विसरलो.

ता. क. ३. वत्सलाने आत्ता पत्र वाचले. ती मला म्हणते, तुम्ही उतारा नीट वाचलेलाच नाही. भावाविषयी तुझ्या मनात काय आहे, असे तिथे नाही. तुझ्याविषयी भावाच्या मनात काय आहे, असे आहे. पाठवणीच्या वेळी पल्लवी काका कुठे म्हणून रडत होती आणि तिची समजूत दादांना घालावी लागली, हे त्यांच्या मनात असणार. साडेतीन वर्षे मी आपलाच राग वाचत बसलो. ती असेही म्हणते, की एवढ्या कागदात कोंबडा आहे, भोपळा आहे, बाजरी आहे, पण ज्यासाठी कागद घेतला ते कुठेच नाही. तर ते इथे लिहितो.

दादा, माझं चुकलं. आमेन.