हातोड्याची शिस्त, माझी जबाबदारी

३ जून
नवा कोच नेमला. गेल्या मोसमात आपली हॉकी टीम तळाला गेली, कारण एकच: लाड. आधीचे कोच खेळाडूंना "बाळा" म्हणायचे. हा म्हणणार नाही. अख्ख्या लीगमध्ये याला हातोडा म्हणतात. इंटरव्ह्यूत एक मुद्दा पटवताना त्याने टेबलावर कप फोडला. मुद्दा लगेच पटला. मालकीणबाईंना सांगितलं, टीमचा जनरल मॅनेजर म्हणून संपूर्ण जबाबदारी माझी. वाक्य झकास जमलं.
घरी बायकोला कपाचं सांगितलं. तिने विचारलं, तुकडे कोणी उचलले? मी. पण तो मुद्दा नव्हे.

११ जून
पहिला सराव. दोघे उलटी होईपर्यंत पळाले. तिसरा उलटी करून परत पळाला. ही प्रगती. चुकीचा पास दिला म्हणून हातोड्याने एकाची स्टिक गोलच्या खांबावर आपटून मोडली. ढलपी उडून टीमच्या डॉक्टरांच्या दंडात घुसली. डॉक्टर स्वतःलाच टाके घालत पुटपुटत होते की याला शिकवणं म्हणत नाहीत. त्यांना समजावलं, तुम्हाला औषधातलं कळतं, पॅशनमधलं नाही.
संकल्प: उद्यापासून रोज सरावाला हजर राहायचं. मॅनेजमेंटची नजर हवी.

१२ जून
जमलं नाही. ऊन फार होतं.

२५ जून
जिंकलो. मैदानात मारामारीही झाली. आपल्या फुलबॅकने समोरच्याचे दात पाडले. हातोड्याने त्याला सगळ्यांदेखत मिठी मारली. बसमध्ये गाणी. फुलबॅक मात्र खिडकीशी बसून आपल्या सोललेल्या मुठीकडे बघत होता. दमला असेल.

९ जुलै
कप्तान ऑफिसात आला. माझं दार सगळ्यांना कायम उघडं, हे धोरणच आहे. त्याने शर्ट वर केला. पाठीवर काळेनिळे वळ, एकावर एक. हातोड्याने स्टिकने मारलं, म्हणाला. उठून दार लावून घेतलं. विचारलं, नक्की स्टिकचेच का? तो म्हणाला, स्टिकवरचं कंपनीचं नाव उलटं उमटलंय, वाचून बघा. पोरगा विनोदी आहे. वाचलं नाही, चष्मा जवळ नव्हता.
हातोड्याशी कडक बोलायचं ठरवलं.

१० जुलै
कडक बोललो. म्हणजे हवापाण्यावरून हळूच विषय काढला. त्याने माझी कॉलर धरून मला लॉकरवर दाबलं आणि विचारलं, ट्रॉफी पाहिजे की नको? पाय जमिनीला टेकत नव्हते. पाहिजे म्हणालो. मोकळी चर्चा झाली की बरं वाटतं. मान अवघडलीय. बायकोला सांगितलं, उशी बदलायला हवी.

२७ जुलै
हरलो. आपला गोलकीपर, ज्याला सगळे भिंत म्हणतात, त्याच्या पायांमधून बॉल गेला. उद्या त्याचा खास सराव, असं हातोडा म्हणाला. मी जाणार. ऊन असलं तरी.

२८ जुलै
गेलो.
हातोड्याने भिंतीला हेल्मेट काढून गोलमध्ये उभं केलं. याची भीती मोडतो म्हणाला, आणि जवळून बॉल मारायला लागला. पहिला खांद्यावर. दुसरा बरगडीवर. भिंत वाकला, पण उभा राहिला. तो माझ्याकडे बघत होता. सगळी टीम माझ्याकडे बघत होती. मी फोन कानाला लावून पाठ फिरवली. पलीकडे कोणी नव्हतं, पण निर्णय घ्यायला माणसाला शांतता लागते. निर्णय होतच आला होता. तेवढ्यात आवाज आला. ओली फांदी मोडावी तसा.
वळलो तर तो गुडघ्यांवर, दोन्ही हात तोंडावर, बोटांमधून रक्त टर्फवर गळतंय. डॉक्टर धावले. कप्तान हातोड्यावर झेपावला. हातोड्याने त्याचे केस धरून डोकं जमिनीवर आपटलं, परत आपटलं. मग सगळे तुटून पडले. सोडवायला गेलो तर एक लाथ मला बसली. कोणाची ते कळलं नाही. एकीपेक्षा जास्त असाव्यात.

२९ जुलै
हॉस्पिटल. भिंतीच्या गालाचं हाड मोडलंय. डावा डोळा गेला. डॉक्टर एरवी "बघू" म्हणतात, आज म्हणाले नाहीत.
बाहेर बाकावर भिंतीची आई बसली होती. फुलं पुढे केली, तिने घेतली नाहीत. म्हणाली, "तुम्ही तिथंच होतात ना?"
होतो, म्हटलं, पण नेमका फोन आला.
"कोणाचा?"
महत्त्वाचा होता, म्हटलं. फुलं बाकावर ठेवून आलो.

२ ऑगस्ट
कप्तान डोक्याला पट्टी बांधून परस्पर पोलिसांत गेला. आधी माझ्याकडे अर्ज द्यायचा असतो. हातोड्याला पार्किंगमधून उचललं. जाता जाता त्याने एका पोलिसाचं नाक फोडलं.
चौकशी समितीचा अध्यक्ष मी. सदस्यही मीच. निष्कर्ष: संवादात त्रुटी. बायकोने रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "यात तू कुठे आहेस?" दाखवलं तिला. खाली सही आहे की.

५ ऑगस्ट
मालकीणबाईंनी बोलावलं. क्षणभर वाटलं, राजीनामा मागतात. उलट म्हणाल्या, नवा कोच मिळेपर्यंत सराव तुम्हीच घ्या, पोरांसमोर उभे राहा. म्हणजे बढतीच. शिट्टी आणली. आरशासमोर भाषण पाठ केलं. आपण एक कुटुंब आहोत, वगैरे.

६ ऑगस्ट
सगळे वेळेवर हजर, अर्धवर्तुळात. शिट्टी वाजवली. म्हणालो, मित्रांनो, कोण चुकलं हे शोधत बसण्यापेक्षा आपण...
इथवरच. फुलबॅकने स्टिक खाली ठेवली. मग शेजारच्याने. एकेक करत सगळ्यांनी. आपटली कोणीच नाही, अलगद ठेवल्या. आणि निघाले. कप्तान शेवटी. माझ्यासमोर थांबला. मारणार असं वाटून मी डोळे गच्च मिटले.
"उघडा डोळे," तो म्हणाला. "तुम्हाला कोणी मारणार नाही."
उघडले तेव्हा तोही गेला होता.
टर्फवर पाणी मारणाऱ्याने पंपाच्या खोलीतून डोकं काढून विचारलं, सराव नसेल तर फवारे सोडू का? भाषण अजून बरंच उरलं होतं. त्याने पुन्हा हाक मारली, साहेब, बाजूला व्हा.
झालो.