म्हेशा, तुझ्या गाडीचा सायलेन्सर बदलला

प्रिय म्हेशा,

रविवारी तुझ्या गाडीचा सायलेन्सर बदलला. तुला न विचारता. विचारणार तरी कुठं होते? पण चार दिवस झाले, घास गिळताना तेच मनात येतंय. म्हणून आज कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, टॉवेलांच्या गठ्ठ्याला टेकून लिहितेय.

तू गेलास त्याला आठ महिने झाले. चार दिवसांचा ताप काय आणि माणूस जातो काय! मला अजून राग येतो रे. पहिल्याच दिवशी दवाखान्यात का गेला नाहीस? "अंग मोडून आलंय नुसतं, अक्का," म्हणालास, आणि मीही कामावर निघून गेले.

तो फटफट वाजणारा सायलेन्सर तू हौसेनं बसवलास तेव्हा केवढी भांडले होते मी! "एकदाचा बंद पडू दे हा आवाज!" असंही बोलून गेले. भावाला असं बोलतात का कुणी?

तू गेल्यावर गाडी दोन महिने चादरीखाली उभी होती. मग कारखान्याची बस आपल्या बाजूला यायची बंद झाली आणि मी किल्ली उचलली. मैदानावर तूच शिकवली होतीस ना? "क्लच हळू सोड की! ती काय शेजारीण हाय व्हय, झिंज्या धरायला?" हसता हसता गाडीसकट आडवी झाले होते.

पहिल्या संध्याकाळी कोपऱ्यावर वळले आणि बघते तर आई उंबऱ्यात उभी. हाताला पीठ तसंच. मला बघून म्हणाली, "तू हायस व्हय," आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. तुझ्या गाडीचा आवाज ऐकून ती उठायची आणि तिला दिसायची मी! सांग बरं, कसं वाटत असेल मला?

मग मी कोपऱ्यावरच गाडी बंद करायला लागले. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले असायचे, तशीच गटारीच्या कडेनं ढकलत आणायची. आईचंही दारात येणं थांबलं. "पेट्रोल संपलं का, अक्का?" लोक विचारायचे. मी "हो" म्हणायचे. रोज कुणाचं पेट्रोल संपतं रे? दमले मी, म्हेशा. खरंच दमले.

शेवटी सलीमभाईंच्या गॅरेजला गेले. तुला तो सायलेन्सर त्यांनीच बसवून दिला होता. बोल्ट गंजून बसले होते, तेल सोडूनही हलेनात. पाना हातात धरून ते थांबले. "अक्का, सोच लो. बाद में रोना नक्को." मी म्हटलं, "काढा." जुना त्यांनी गोणपाटात गुंडाळून दिला, साधा बसवला आणि किक मारली. गाडी चालू झालीय हेही आधी कळेना!

त्या दिवशी दारापर्यंत गाडीवर बसून आले. आई भाकरी थापत होती. मी किल्ली ठेवली तशी दचकली. "कवा आलीस?" मग तशीच बाहेर गेली, वाकली आणि त्या नव्या सायलेन्सरला हात लावला. "आई, तापलंय!" म्हणेपर्यंत बोटं पोळलीच.

नळाखाली तिचा हात धरून उभी राहिले. तिथं म्हणाली, "मला इचारायचं तरी व्हतंस."

"तू त्याची वाट बघत दारात यायचीस. मला बघवायचं नाही, आई."

"त्याची? पयल्या दिवशी आले आसंन. तो येणार न्हाय हे मला कळत न्हाय व्हय? तुझ्यासाठी येत व्हते की, पोरी. येक गेला, दुसरी धड आली का बघायला. तर तू कोपऱ्यावरच गाडी बंद कराय लागलीस. मला वाटलं, आई दारात उभारल्याली तुला आवडंना."

नळ वाहत राहिला. आठ महिने ती चुलीपाशी रडत होती आणि मी न्हाणीत. त्या दिवशी पहिल्यांदा दोघी एका जागी रडलो.

लहानपणापासून मला वाटायचं, आईचा सगळा जीव तुझ्यातच. तूही त्यावरून चिडवायचास! म्हणून तिच्या डोळ्यांत मला तूच दिसत राहिलास. एकदा विचारावं, एवढंही सुचलं नाही. गेलेल्या भावाचा हेवा केला मी. माफ करशील ना?

येत्या रविवारी आईला मैंदर्गीला मावशीकडं नेणार आहे. तू गेल्यापासून तिनं घर सोडलेलं नाही. आधी नको म्हणाली. मग, "हळू चालवशील न्हवं?" हळूच चालवीन. मागं बसून ती तुझ्याबद्दल बोलत राहील, मला ठाऊक आहे. आजवर तुझं नाव निघालं की "पुरे आता, आई," म्हणून मी उठून जायचे. आता गाडीवर मागचं बोलणं नीट ऐकू येतं. रस्ताभर ऐकेन, म्हेशा, एकदाही पुरे म्हणणार नाही.

तुझी,
अक्का