उतरवलेला कंदील

ती. वन्सं,

तुम्ही गेलात हे तुमच्या भावाला मी सांगितलेलं नाही. त्यांच्या हृदयाला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. तुमच्या गंधारलाही दम दिला आहे, मामाकडे यायचं तर डोळे कोरडे ठेवून ये.

घरचं माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. तरी यांना संशय नको म्हणून मी आकाशकंदील लावला, चकल्याही तळल्या.

आज भाऊबीज. हे सकाळीच दाढी करून, नवा सदरा घालून दाराकडे तोंड करून बसले. मी म्हटलं, "वन्संचे गुडघे दुखताहेत. कर्वेनगरहून कशा येणार?"

हे म्हणाले, "निर्मला, कंदील उतरव. यंदा आपल्याकडे सण नाही."

मी विचारलं, "अहो, कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच. पंधरा दिवसांत माझ्यावर एकदाही खेकसली नाहीस."

कंदील उतरवला. यांनी गोळी घेतली, पण अजून रडले नाहीत, त्याचीच भीती वाटते. डाव्या हातात यांची नाडी धरून उजव्या हाताने हे लिहिते आहे. मोजून कधीच झाली, पण हात सोडवत नाही.

तुमची भावजय,
निर्मला